बीट बंद झाल्यावर: क्वीन लतीफाचा रॅपकडून अभिनयाकडे प्रवास

नमस्कार मंडळी.

अमेरिकेतल्या न्यूअर्कचं नाव आपल्यापैकी बहुतेकांना विमानतळामुळे ठाऊक आहे. त्याच शहरात १८ मार्च १९७० रोजी डेना एलेन ओवेन्स जन्मली. आठव्या वर्षी नावांच्या एका पुस्तकातून तिने स्वतःसाठी 'लतीफा' हे अरबी नाव निवडलं. पुढे त्याच्या आधी 'क्वीन' लागलं. रॅपमध्ये तिची सुरुवात बीटबॉक्सने झाली, म्हणजे दुसऱ्या मुली शब्द म्हणायच्या आणि ही तोंडाने ठेका धरायची. लय आधी अंगात मुरली, शब्द नंतर आले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९८९ मध्ये पहिला अल्बम आला, तेव्हा ती १९ वर्षांची होती.

ती नटी झाली कशी, या प्रश्नाला 'प्रसिद्ध होती म्हणून' असं उत्तर सर्रास दिलं जातं. प्रसिद्धीने पहिली भूमिका मिळते, फार तर दुसरी. ११८ भागांची मालिका त्यावर निभत नाही. तिने रॅपमधलं काय सोबत नेलं आणि काय मोडून टाकलं, ते बघायला हवं.

नेला तो श्वास. बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन, व्हर्स म्हणजे रॅपचं कडवं. १६ बारची व्हर्स म्हणजे ६४ मात्रा. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत ती बरोबर ४० सेकंदांत संपते. या ४० सेकंदांत श्वास कुठे घ्यायचा हे लिहितानाच ठरवावं लागतं, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच धाप लागते. आपल्या शाहिराला ही उसंत झीलकरी मिळवून देतात. त्यांचं 'जी जी रं जी' चालू असतं तेवढ्यात तो छाती भरून घेतो. रॅपमध्ये हेच काम मंचावरचा जोडीदार, हाइपमॅन करतो. ओळीचा शेवटचा शब्द तो उचलतो आणि मुख्य कलाकाराला दम मिळतो. स्टुडिओत मात्र पळवाट आहे: दोन-दोन ओळी तोडून रेकॉर्ड करायच्या आणि जोडायच्या. याला पंच-इन म्हणतात. सगळं काम पंच-इनवर करणाऱ्याची दमछाक मंचावर झाकता येत नाही, आणि कॅमेऱ्यासमोर लांब संवाद आला की शेवटचा शब्द गिळला जातो. लतीफाचा आवाज खालच्या पट्टीतला आणि व्यंजनं कमालीची स्वच्छ. आपल्या रंगभूमीवर जिला शब्दफेक म्हणतात, ती तिच्याकडे आधीपासून होती.

मोडावी लागली ती ठेक्यावर विसंबायची सवय. १९९३ मध्ये फॉक्स वाहिनीवर 'लिव्हिंग सिंगल' सुरू झाली, ती १९९८ पर्यंत ५ हंगाम, ११८ भाग चालली. यव्हेट ली बाउझर यांनी घडवलेल्या या विनोदी मालिकेत लतीफा झाली होती खदीजा जेम्स, ब्रुकलिनमधून मासिक चालवणारी संपादक. शीर्षकगीतही तिचंच. मालिका अनेक कॅमेऱ्यांची, प्रेक्षकांसमोर चित्रित होणारी. अशा मालिकांचा आठवडा साधारण ठरलेला असतो. पहिल्या दिवशी टेबलाभोवती वाचन, पुढे तालमी आणि रोजचं पुनर्लेखन, मग कॅमेऱ्यांसोबत हालचाली बसवणं, आणि शेवटी प्रेक्षकांसमोर चित्रण. एखादा विनोद पडला तर लेखक दोन टेकच्या मध्ये नवं वाक्य हातात देतात. पाठांतर कमी पडलं तर नट इथेच अडकतो. आयत्या वेळी ओळ बदलून ती मापात बसवणं मात्र रॅपरच्या हाडातच असतं.

अवघड जाते ती शांतता. बीट, म्हणजे मागे वाजणारा ठेका, कुणासाठी थांबत नाही, हशा मात्र नटाला थांबवतो. हशा चढत असताना बोललात तर पुढचं वाक्य कुणाला ऐकूच जात नाही. तो पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर प्रसंग थंड पडतो. हशा उतरणीला लागला की वाक्य टाकायचं. ही वेळ घड्याळात मोजता येत नाही, आणि माझ्या मते रॅपमधून आलेल्या कलाकाराची खरी परीक्षा हीच आहे.

आणखी दोन खोडी नडतात. यमकाच्या सवयीने प्रत्येक वाक्याच्या शेवटी जोर पडतो, मग राग असो की लाडीगोडी, सगळं एकाच चालीवर ऐकू येतं. दुसरी खोड अंगाची. हात ठेक्यावर हलतात, खांदे झुलतात. सेटवर जमिनीला चिकटपट्टीची खूण असते आणि फोकस त्या अंतरावर बांधलेला असतो. वीतभर पुढे झुललात तरी चेहरा अंधुक होऊ शकतो.

या मालिकेसाठी तिने किंमतही मोजली. तिचा तिसरा अल्बम १९९३ चा आणि चौथा १९९८ चा. मधली पाच वर्षं म्हणजे मालिकेचीच पाच वर्षं. मालिकेच्या मुख्य कलाकाराच्या तारखांवर सहसा पहिला हक्क मालिकेचा असतो. गाण्यांचे दौरे उरलेल्या दिवसांत बसवायचे. तरीही त्या तिसऱ्या अल्बममधल्या गाण्याला, बायकांची रस्त्यावर होणारी छेडछाड आणि घरातली मारहाण यांवर थेट बोट ठेवणाऱ्या रॅपला, १९९५ मध्ये ग्रॅमी मिळालं.

भूमिकांचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. १९९१-९२ मध्ये तिने चित्रपटांत छोट्या भूमिका केल्या, वेट्रेसचीसुद्धा. मग खदीजा, जी तिच्या रॅपमधल्या ठाम प्रतिमेला जवळची. आणि लोकांनी तिला त्या साच्यात बसवलं असतं तेवढ्यात, १९९६ मध्ये 'सेट इट ऑफ'मधली क्लिओ, बँक लुटणारी, बेदरकार आणि स्त्रीवर प्रेम करणारी. नाव झालेल्या कलाकाराने अशी भूमिका घेणं त्या काळी सोपं नव्हतं. २००२ च्या 'शिकागो'त ती तुरुंगाची मेट्रन, म्हणजे बायकांच्या तुरुंगातली अधिकारी, झाली. तिथलं गाणं जुन्या जॅझच्या वळणाचं. रॅपमध्ये शब्द ठेक्याला घट्ट धरून चालतो, इथे तो ठेक्याच्या किंचित मागे रेलायला हवा. तिला ऑस्करचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. पुरस्कार त्याच चित्रपटातल्या कॅथरीन झीटा-जोन्सला गेला. २००४ मध्ये जॅझ आणि सोल गाण्यांचा अल्बम काढताना मात्र तिने नाव दिलं 'द डेना ओवेन्स अल्बम'. रॅपचं नाव बाजूला ठेवून घरचं नाव पुढे केलं.

आता करारांच्या कागदांबद्दल, कारण सभागृहात गाणारी मुलं आहेत आणि त्यांचे आईवडीलही. गाण्याला दोन मालक असतात: रेकॉर्डिंगचा, जो बहुतेक वेळा कंपनी असतो, आणि शब्द-चालीचा, म्हणजे लिहिणाऱ्याचा. पहिला करार घाईने करताना दुसरा हक्कही देऊन बसणं ही नेहमीची चूक. अमेरिकेत अभिनयाचं पुनःप्रसारणाचं मानधन युनियनच्या करारानुसार येतं, पण निर्मितीतला वाटा वेगळा मागावा लागतो. लतीफाने शकीम कॉम्पेअर या व्यवसायातल्या भागीदारासोबत फ्लेवर युनिट ही कंपनी उभी केली ती रॅपच्या दिवसांतच, आधी दुसऱ्या कलाकारांचं काम सांभाळण्यासाठी. २००३ पासून ती स्वतःच्या चित्रपटांची कार्यकारी निर्माती म्हणून दिसते. ब्लूज गायिका बेसी स्मिथवरच्या २०१५ च्या दूरचित्रपटात मुख्य भूमिका तिची होती, आणि त्याचं एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, तिला मिळालं ते निर्माती म्हणून.

रॅप करणाऱ्या आणि नाटकात जायची इच्छा असणाऱ्या मुलांनी घरी एवढं करून बघा. स्वतःची १६ बारची व्हर्स बीटवर, न तोडता रेकॉर्ड करा. मग बीट बंद करून तीच व्हर्स समोर बसलेल्या एका माणसाला सांगा, हात मांडीवर ठेवून. यमक आलं की जोर देऊ नका, अर्थ जिथे वळतो तिथे थांबा. ४० सेकंदांची व्हर्स बहुधा मिनिटभर चालेल. दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका आणि दुसऱ्यात कुठला शब्द गिळला गेला तेवढं वहीत लिहून ठेवा.