चोक उघडला की मरतं

(दृश्य: दिंडोरी रोडवरचा मशिन दुरुस्तीचा छोटा गाळा. भिंतीला टांगलेले फवारणीचे पंप, दोन ग्रास कटर, एक करवत.)

सप्टेंबर संपत आलाय. गोडी बहाराची छाटणी तोंडावर आली, की नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात कुणालाच श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा वेळी एक तरुण बागायतदार गोणीत गुंडाळलेला ब्लोअर घेऊन गाळ्यात येतो. पाठीवर अडकवायचा, पेट्रोलवर चालणारा. पानगळ केल्यावर ओळींमध्ये पडलेला पाला हा बाजूला ढकलतो. तो पाला बागेत ठेवून चालत नाही, डाऊनी रोगाची बुरशी त्यातच दबा धरून बसते.

"नाना, चोकवर चालू होतं. चोक उघडला की मरतं."

नाना दोरीला हातही लावत नाहीत.

"टाकीतलं पेट्रोल कधीचं?"

"एप्रिलचं. खरड छाटणीला वापरलं, मग शेडमध्ये ठेवलं."

म्हणजे अख्खा पावसाळा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं, की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. या इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर असतो तळाशी! इंजिनाला मिळतं ते ऑइल नसलेलं पाणचट मिश्रण, आणि पिस्टनला ओरखडे पडायला तेवढं पुरतं.

आधी ठिणगी देणारा प्लग. पाना लावला, दोन मिनिटांत बाहेर. काळा, तेलकट. नाना तो पुसून वर्तमानपत्रावर ठेवतात. "याचं नंतर बघू."

मग टाकी एका पारदर्शक बाटलीत रिकामी होते. वास पेट्रोलचा कमी, जुन्या वॉर्निशचा जास्त. खाली बोटभर गढूळ थर. बागायतदार बाटलीकडे बघतो, काही बोलत नाही.

चोकचं गणित सोपं आहे. चोक लावला की हवा कमी होते, ओढ वाढते, जास्त पेट्रोल खेचलं जातं. त्यावरच इंजिन चालत असेल तर एरवी त्याला पेट्रोल पुरत नाही. मग वाटेत अडलंय कुठे? वाकवलेल्या तारेने नाना टाकीतला फिल्टर बाहेर काढतात. तपकिरी झालाय, बदलायचा. नळी चिमटीत दाबून बघतात. मऊ आहे, कुठे तडा नाही. आता कार्बोरेटर, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते तो भाग.

"त्याचा स्क्रू मी थोडा फिरवला होता," बागायतदार हळूच सांगतो.

हे सगळेच करतात. चालणारं मशिन अडलं, तर बहुतेकदा स्क्रू जागेवरच असतो, बिघाड दुसरीकडे असतो. पण हाताशी स्क्रूड्रायव्हर असला की राहवत नाही.

(दृश्य: अगदी जवळून. चार स्क्रू निघतात, पातळ झाकण उचललं जातं.)

आतला डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, दहाच्या नाण्याहून थोडा मोठा. इंजिनाच्या ओढीबरोबर तो आत-बाहेर होतो, खालची सुई उचलतो आणि थेंब थेंब पेट्रोल सोडतो. तो कापडासारखा लुळा हवा. नाना बोटाने दाबतात, तर पापड वाळावा तसा कडक! हा सुई उचलणार कशी? पलीकडच्या बाजूला मोहरीएवढी जाळी, तिच्यावर पिवळट चिकट थर. स्प्रे मारतात. भोकांत तार घालत नाहीत. भोक किंचित मोठं झालं तर कार्बोरेटर फुकट. नवा डायफ्राम, नवं गॅस्केट. ढळलेला स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग कंपनीने सांगितले तेवढे फेरे बाहेर.

ताजं पेट्रोल. तिसऱ्या ओढीला इंजिन लागतं. चोक उघडतो, चालू राहतं. बागायतदार खिशात हात घालतो.

"थांबा भाऊ." नाना रेस देतात. इंजिन गुरगुरतं, पण वर चढत नाही.

आता वर्तमानपत्रावरच्या त्या प्लगची आठवण होते.

"लिटरला ऑइल किती टाकता?"

"पन्नास मिली. इंजिन टिकावं म्हणून..."

या ब्लोअरला ५० ला १ चं मिश्रण लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. जास्तीचं ऑइल धड जळत नाही, त्याचा कार्बन होतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवायला जी बारीक जाळी असते, तिच्यात जाऊन बसतो. नाना ती चिमट्याने काढून उजेडात धरतात. पलीकडचं काही दिसत नाही. इंजिनाला श्वास घेता येत होता, सोडता येत नव्हता.

गॅसच्या ज्योतीवर जाळी लाल होते, मग तारेच्या ब्रशने घासली की भोकं मोकळी होतात. सगळं परत बसतं. दोरी. रेस. आता आवाज एका सुरात वर चढतो, नळीचं तोंड रस्त्याकडे वळतं, आणि समोरच्या गुलमोहराची सगळी बारीक पानं उडून थेट चहाच्या टपरीत.

"ओ नाना! दूध उघडं आहे!"

नाना बटण दाबून इंजिन बंद करतात. टाकीत उरलेलं पेट्रोल बागायतदाराच्या बाटलीत ओततात आणि मार्करने त्याच्या ऑइलच्या मापावर २० ची रेघ मारून देतात.