लॅपटॉप घेऊन गणपतीला जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. राहायला डोंबिवलीला, गाव कुडाळजवळ. आमच्या कामात सप्टेंबरइतका धावपळीचा महिना दुसरा नाही. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, २० तारखेला ३बी, म्हणजे कर भरायचं जीएसटी रिटर्न, महिनाअखेरीला टॅक्स ऑडिट, आणि गणपती बहुतेक वर्षी याच दिवसांत येतात. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. म्हणजे ऋषिपंचमीच्या दिवशीच ३बीची शेवटची तारीख. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर १८ टक्क्यांनी व्याज, आणि ते भरणार अशील. त्यामुळे लॅपटॉप घरी ठेवून जायचा प्रश्नच नव्हता. तुमच्यापैकी अनेकांचं असंच असेल. दुकानाची टॅली, म्हणजे सगळा हिशोब, लॅपटॉपमध्ये, गिऱ्हाइकांचे नंबर आणि ऑर्डरी मोबाइलमध्ये. कुटुंबाबरोबर निघालो की सगळा धंदाही बरोबर निघतो.

त्या वर्षी रेल्वेगाडीत जे घडलं, ते आज सांगणार आहे.

पुतण्या सात वर्षांचा. पनवेल सोडल्यापासून "काका, मोबाइल दे ना" चाललं होतं. खेडच्या पुढे मी दिला. तो कार्टून बघत बसला, मीही डोळे मिटले. चिपळूणला रेंज आली तेव्हा एका अशिलाने बँक स्टेटमेंट पाठवलं होतं. बँकेकडून येणाऱ्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण मला सोपं जावं म्हणून त्यांनी तो काढून टाकला होता. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. आत शिरताच नेट गेलं आणि कार्टून अडकलं. मुलाची बोटं थोडीच थांबतात? तो मोबाइलमध्ये इकडेतिकडे दाबत राहिला. गाडी बोगद्यातून बाहेर आली, पुन्हा नेट मिळालं आणि ते स्टेटमेंट आमच्या भावकीच्या ग्रुपवर जाऊन पडलं. ६२ माणसं. "हे कुणाचं रे?" असा चुलतभावाचा मेसेज आला, तेव्हा मला कळलं.

मी ताबडतोब सगळ्यांसाठी डिलीट केलं. पण तोवर ज्यांनी उघडलं, त्यांनी वाचलंच. कुणाला किती पैसे दिले, कुणाचा चेक परत गेला, घरच्या कर्जाचा हप्ता किती, एका माणसाचा अख्खा महिना त्या चार पानांत होता. कुडाळला उतरल्यावर मी त्या अशिलाला फोन केला आणि झालं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि एवढंच विचारलं, "किती जणांनी बघितलं असेल?"

मला सांगता आलं नाही.

अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला कळू देणं हा आमच्या १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यात व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी तो कागद माझा नव्हता. तो विश्वासाने माझ्याकडे ठेवायला दिला होता, आणि मी तो पोराच्या हातात दिला. पुतण्याला मी एका शब्दानेही बोललो नाही. चूक त्याची नव्हतीच.

प्रवासात सायबर चोरांची भीती आपल्याला असते आणि ती असावीही. पण आपला पहारा सगळ्यात सैल पडतो तो आपल्याच माणसांत. घरच्यांपासून काय लपवायचं, असं वाटतं. घरच्यांपासून आपलं काही लपवू नये, हे मलाही मान्य आहे. पण दुसऱ्याचं जे आपल्याकडे आहे, ते घरच्यांनाही दाखवायचं नसतं. आमच्या आईला हे एकदा समजावून सांगितलं, तिला लगेच पटलं. ती आता एवढंच म्हणते, "ता आधी बंद कर, मग आरतीक ये."

तर त्यानंतर मी काय बदललं ते सांगतो. मुलांसाठी घरातला जुना टॅब घेतो. त्यात माझं कुठलंच खातं नाही. कार्टून आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवतो, म्हणजे बोगद्यातही चालतं. कधी मोबाइल द्यावाच लागला, तर ॲण्ड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय आहे, आयफोनमध्ये तिला गायडेड ॲक्सेस म्हणतात. ती चालू केली की मूल एकाच ॲपमध्ये राहतं, बाहेर पडायला तुमचा पासकोड लागेल, असं त्यात ठरवता येतं. दोन मिनिटांत जमतं. आज घरी बसून करून बघा, गाडीत पहिल्यांदा करायला जाऊ नका. आणि अशिलांना सांगितलंय, पीडीएफचा पासवर्ड काढू नका, तो मला फोनवर सांगा.

आता लॅपटॉप. सुरू करताना पासवर्ड विचारतो म्हणजे तो सुरक्षित आहे, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. बॅग चोरीला गेली, आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर सगळ्या फायली उघडतात. त्यासाठी अख्खी डिस्कच कुलूपबंद करावी लागते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर आहे, ॲपलमध्ये फाइलव्हॉल्ट. बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की देतं, म्हणजे अडलं तर कुलूप उघडायची किल्ली. ती वहीत लिहा आणि वही घरच्या कपाटात ठेवा. मी एकांकडे ती की लिहिलेली चिठ्ठी लॅपटॉपच्याच बॅगेत बघितली आहे, चेनच्या कप्प्यात. निघण्याआधी टॅलीचा बॅकअप घ्या आणि ती हार्ड डिस्कसुद्धा घरीच ठेवा. गावाला फक्त लागणाऱ्याच फायली न्या. जे बरोबर नेलंच नाही, ते वाटेत हरवणार कसं?

स्टेशनवरच्या फुकट वायफायबद्दल फार सांगत नाही. त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही उभं करू शकतो, म्हणून बँकेचं आणि जीएसटी पोर्टलचं काम आपल्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करा.

मोबाइल हरवला तर मात्र घाई करावी लागते. चोर सिम काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी तिकडे जायला लागतात. म्हणून सिमलाही पिन लावता येतो, तो लावा. आधीचा पिन कंपनीकडून विचारून घ्या, कारण तीनदा चुकला की सिम अडकतं. हरवल्यावर पहिला फोन सिम कंपनीला, दुसरा बँकेला. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० ही सायबर हेल्पलाइन. जितक्या लवकर फोन कराल, तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त. पोलिसांत तक्रार दिली की सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवर तो मोबाइल ब्लॉक करता येतो. त्यासाठी आयएमईआय नंबर, म्हणजे मोबाइलचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो, आणि तो मोबाइल हातात असतानाच लिहून ठेवायला हवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो समोर येतो.

आणखी एक, माझ्यासारख्यांच्या फार उपयोगाचं. हरवलेल्या सिमच्या जागी त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपीही नाही. १९ ला मोबाइल हरवला तर २० चं रिटर्न अडकलंच म्हणून समजा. म्हणून हल्ली माझी ३बीची सगळी कामं गाडीत बसायच्या आधी डोंबिवलीतच उरकलेली असतात. लॅपटॉप तरीही बरोबर असतो, पण गेल्या खेपेला तो माजघरातल्या कपाटात पाच दिवस बंदच होता.

उद्या पहाटेच्या गाडीने निघणारे कुणी ऐकत असतील, त्यांनी आत्ता मोबाइल हातात घ्यावा. पुन्हा सांगतो, स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. दोन सिमचा मोबाइल असेल तर दोन नंबर दिसतील, दोन्ही लिहून घ्या.

नमस्कार.