अनलॉक म्हणजे रूट नव्हे : जुन्या टॅबलेटवर कस्टम रॉम टाकताना

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. प्रश्न साधारण एकाच दमात येतो, म्हणजे "माझा जुना टॅब रूट करायचाय, त्यावर नवीन अँड्रॉइड येईल ना?" या एका वाक्यात तीन कामं एकमेकांत गुंतलीत. बूटलोडर म्हणजे टॅब चालू करून देणारा प्रोग्रॅम, तो अनलॉक करणं हे एक काम, रूट करणं म्हणजे टॅबवर सगळे अधिकार मिळवणं हे दुसरं, आणि कस्टम रॉम म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती टाकणं हे तिसरं. बहुतेकांना यातलं पहिलं आणि तिसरं हवं असतं, दुसऱ्याची गरजच नसते, पण ऐकीव माहितीवर तेच आधी करायला जातात आणि अडकतात. म्हणून आज हे तिन्ही सुटं करून सांगतो.

आधी टॅब चालू कसा होतो ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पॉवर बटण दाबलं की चिपमध्येच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम चालतो, त्याला बूटरॉम म्हणतात. तो फॅक्टरीत एकदा कोरला की बदलता येत नाही. तो बूटलोडरची डिजिटल सही तपासतो, बूटलोडर मग बूट इमेजची म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) वगैरेची सही तपासतो, आणि कर्नल पुढे सिस्टिम पार्टिशन, म्हणजे स्टोरेजचा अँड्रॉइड असलेला भाग, तपासत तपासत वाचतो. सही कुठेही जुळली नाही की गाडी तिथेच थांबते. याला व्हेरिफाइड बूट म्हणतात, आणि अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, हे कडक झालं. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे फक्त बूटलोडरला सांगणं की बाबा, यापुढे कंपनीची सही नसली तरी बूट कर. बास. अनलॉक झाल्यावर रूट आपोआप मिळत नाही, रॉम आपोआप बदलत नाही, फक्त चालू करताना स्क्रीनवर एक इशारा यायला लागतो की या डिव्हाइसच्या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही.

करायचं कसं, तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे 'ओईएम अनलॉकिंग' नावाचं बटण असतं, ते चालू करायचं, सोबत यूएसबी डिबगिंग पण. मग टॅब कॉम्प्युटरला जोडून एडीबीने (कॉम्प्युटरवरून टॅबला कमांड देणारं टूल) बूटलोडर मोडमध्ये न्यायचा, आणि तिथे फास्टबूट हे त्या मोडमधल्या टॅबशी बोलणारं टूल वापरून सगळ्यात आधी 'फास्टबूट डिव्हाइसेस' ही कमांड द्यायची. सिरियल नंबर दिसला तर पुढे जा. काहीच दिसलं नाही तर दहापैकी नऊ वेळा भानगड विंडोजच्या ड्रायव्हरची नाहीतर केबलची असते, टॅबची नसते, कारण एडीबीत दिसणारा टॅब फास्टबूटमध्ये गेला की विंडोजला तो वेगळंच डिव्हाइस वाटतो आणि त्याला ड्रायव्हर परत वेगळा लागतो. दिसला की 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक', जुन्या टॅबवर 'फास्टबूट ओईएम अनलॉक', मग टॅबच्या स्क्रीनवर व्हॉल्यूम बटणाने होकार द्यायचा आणि सगळा डेटा उडतो.

हो, सगळा. फोटो, अ‍ॅप्स, डाउनलोड्स, सगळं. लोक यावर फार चिडतात पण यामागचं कारण अगदी रास्त आहे. डेटा न पुसता अनलॉक करता आलं असतं तर तुमचा टॅब चोरणाऱ्याने अनलॉक करून, स्वतःचं सॉफ्टवेअर चढवून, तुमचा डेटा गाठायचा प्रयत्न निवांत केला असता. म्हणून बॅकअप आधी, अनलॉक नंतर.

आता हे झालं सरळमार्गी टॅबचं. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसतो, तिथे डाउनलोड मोड असतो आणि कॉम्प्युटरवर ओडिन नावाचं टूल वापरतात. शिवाय अनधिकृत सॉफ्टवेअर एकदा बूट झालं की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज उडतो, आणि तो परत जोडता येत नाही, मूळ फर्मवेअर (कंपनीचं सॉफ्टवेअर) परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डर (कुलूपबंद खासगी जागा) कायमचं गेलं ते गेलंच. शाओमीमध्ये अकाउंट जोडून थांबावं लागतं, बऱ्याच मॉडेल्सना 168 तास म्हणजे आठवडाभर. आणि अ‍ॅमेझॉनच्या फायर टॅबलेटमध्ये तर अधिकृत अनलॉकच नाही. तरी लोकांनी वाट काढलीच. काही मीडियाटेक चिपच्या फायर टॅबवर मागचं कव्हर उघडून बोर्डवरचा ठरावीक पॉइंट शॉर्ट केला की टॅब बूटरॉममध्येच थांबतो, आणि त्या बूटरॉममधल्या चुकीचा फायदा घेऊन बूटलोडर अनलॉक करता येतो. मगाशी म्हटलं ना, बूटरॉम बदलता येत नाही, तर त्यातली चूकही अपडेटने बुजवता येत नाही. गंमत आहे, पण हा उद्योग पहिल्याच टॅबवर कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत.

रूटकडे येऊ. अँड्रॉइड खाली लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये रूट म्हणजे युजर नंबर 0, ज्याला कुणी अडवत नाही. रूटसाठी अनलॉक नेहमी लागतंच असं नाही हे इतिहासात भरपूर वेळा दिसलंय. 2008 साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, एचटीसी ड्रीम, एक भन्नाट चूक होती, तुम्ही कीबोर्डवर कुठेही जे टाइप कराल ते मागे रूट शेलमध्ये, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पण जायचं. मेसेजमध्ये 'रीबूट' असा शब्द टाइप करून एंटर दाबलं की फोन खरंच रीबूट! पुढे मीडियाटेकच्या कितीतरी चिप्समध्ये एक भोक सापडलं ज्यातून लॉक बूटलोडर असतानाही तात्पुरतं रूट मिळायचं, स्वस्त टॅबवाल्यांनी ते मनसोक्त वापरलं, आणि मार्च 2020 च्या सिक्युरिटी अपडेटमध्ये गूगलने ते बुजवलं. पण हे सगळे चोरदरवाजे. आणि एक लक्षात घ्या, ज्या भोकातून तुम्ही आत शिरता त्यातून एखादं घातक अ‍ॅप पण शिरू शकतं, त्यामुळे 'एका क्लिकमध्ये रूट' म्हणणाऱ्या अनोळखी अ‍ॅप्सच्या नादी लागू नका.

आजचा रस्ता मॅजिस्क या रूट करणाऱ्या टूलचा आहे, ते 2016 मध्ये आलं. त्याआधी रूट म्हणजे बहुधा सिस्टिम पार्टिशनमध्येच फाइल्स घालायच्या, ते व्हेरिफाइड बूटला चालत नाही. मॅजिस्क सिस्टिमला हात लावत नाही, फक्त बूट इमेजमध्ये बदल करतं. तुमच्या टॅबवर आत्ता जो बिल्ड (सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती) चालू आहे नेमक्या त्याच बिल्डच्या फर्मवेअरमधून बूट इमेज काढायची, टॅबवर कॉपी करायची, मॅजिस्क अ‍ॅपमध्ये ती पॅच करायची, पॅच झालेली फाइल कॉम्प्युटरवर घेऊन फास्टबूटने फ्लॅश करायची, म्हणजे टॅबमध्ये लिहायची. नेमका तोच बिल्ड, हे मी मुद्दाम दोनदा म्हणतोय. मागच्या महिन्याच्या अपडेटची बूट इमेज टाकली तर कधी टच चालत नाही, कधी वायफाय चालू होत नाही, कधी नुसताच लोगो फिरत राहतो, आणि माणूस मॅजिस्कला शिव्या घालतो. जे टॅब मुळातच अँड्रॉइड 13 किंवा पुढचं घेऊन बाजारात आलेत त्यात बहुधा 'इनिट बूट' नावाची वेगळी इमेज असते, तिथे ती पॅच करायची.

पण रूट कशासाठी? हे आधी स्वतःला विचारा. नको असलेली अ‍ॅप्स काढायला रूट लागत नाही, एडीबीच्या एका कमांडने ती आपल्या युजरपुरती काढता येतात. जाहिराती अडवायला अँड्रॉइड 9 पासून प्रायव्हेट डीएनएस आहे, त्यात जाहिरातींचे पत्ते अडवणारा सर्व्हर टाकता येतो. माझ्या मते टॅबवर रूटचा एक खरोखर पटणारा उपयोग म्हणजे चार्जिंगची मर्यादा. भिंतीवर लावून किंवा टेबलावर स्टँडवर ठेवून चोवीस तास चार्जरला जोडलेला टॅब शंभर टक्क्यांवर राहून राहून त्याची बॅटरी फुगते, स्क्रीन वर उचलली जाते. कर्नलला 'सत्तर टक्क्यांवर थांब' असं सांगायचं तर, सेटिंग्जमध्ये तशी सोय नसेल, तर रूट लागतं. हे असलं ठोस कारण असेल तर जरूर करा. नुसतं 'पॉवर' हवी म्हणून करायचं असेल तर राहू द्या.

आता तिसरं, आणि खरं मजेचं. कस्टम रॉम. एचपीचा टचपॅड जुलै 2011 मध्ये आला, त्यात वेबओएस होतं, अँड्रॉइड नव्हतंच, आणि कंपनीने ऑगस्टमध्येच तो बंद करून टाकला, उरलेला माल 99 डॉलरपासून फुंकला. लोकांनी उड्या टाकून घेतला, आणि ऑक्टोबरमध्ये त्यावर सायनोजेनमॉड या कस्टम रॉमची पहिली अल्फा (कच्ची चाचणी आवृत्ती) आली. कंपनीने सोडून दिलेलं यंत्र पुढे कितीतरी वर्षं लोक वापरत होते. किंवा 2012 चा नेक्सस 7 घ्या, एक जीबी रॅम, त्याला गूगलने 5.1.1 वर सोडलं, आणि अँड्रॉइड 5 ने तो इतका रखडायला लागला की लोक कस्टम रॉमकडे नवीन व्हर्जनसाठी नाही, परत जुन्या 4.4 वर जायला वळले. नवीन म्हणजे चांगलं हे इथे नेहमी खरं नसतं. सायनोजेनमॉड 2016 च्या डिसेंबरमध्ये बंद पडलं, त्याच कोडमधून लिनिएजओएस उभं राहिलं, आणि आज रॉम शोधायला सुरुवात तिथूनच करावी.

टॅबची अडचण अशी की फोनपेक्षा टॅब कमी खपतात, त्यामुळे एखाद्या मॉडेलसाठी रॉम बनवणारा माणूस मिळणं नशिबाचा भाग. इथे प्रोजेक्ट ट्रेबल कामाला येतं. अँड्रॉइड 8 पासून, 2017 पासून, चिप आणि हार्डवेअरचा भाग वेगळ्या व्हेंडर पार्टिशनमध्ये आणि अँड्रॉइड वेगळ्या सिस्टिम पार्टिशनमध्ये, त्यामुळे जीएसआय नावाची एकच सामान्य सिस्टिम इमेज अनेक डिव्हाइसवर चालते. तुमच्या टॅबचा स्वतंत्र रॉम नसेल तरी जीएसआय चालू शकतं. चालू शकतं म्हणतोय हं, कॅमेरा, पेनचं प्रेशर, ब्लूटूथ ऑडिओ यातलं काहीतरी रुसून बसतंच.

फ्लॅश करताना जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा सांगतो. रॉम टाकला, रीबूट केलं, आणि अर्धा तास झाला तरी नुसतं अ‍ॅनिमेशन. बहुतेक वेळा डेटा पार्टिशन फॉरमॅट केलेलं नसतं. 'वाइप' आणि 'फॉरमॅट' यात फरक आहे, वाइपने सगळं पुसलं जात नाही, फॉरमॅटने जातं. जुना डेटा जुन्या सिस्टिमच्या किल्लीने एन्क्रिप्ट झालेला असतो, नव्या सिस्टिमला तो उघडता येत नाही. टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीत (रॉम टाकायच्या, डेटा पुसायच्या वेगळ्या मेनूत) 'फॉरमॅट डेटा' दाबल्यावर तो तुम्हाला 'येस' असं पूर्ण टाइप करायला लावतो, ते टाइप केलं असेल तरच फॉरमॅट झालंय. आणि गूगलची अ‍ॅप्स हवी असतील तर रॉमच्या पाठोपाठ, पहिल्या बूटच्या आधीच टाकायची, नंतर नाही.

काय जातं तेही ऐका. बऱ्याच टॅबवर अनलॉक केल्यावर वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची कॉपी रोखणारी यंत्रणा, वरच्या एल 1 पातळीवरून खालच्या एल 3 वर घसरतं, आणि मग व्हिडिओ सेवा 480पी च्या वर चित्र देत नाहीत. ज्यांचा टॅब फक्त सिनेमे बघायला आहे त्यांनी हे आधी तपासावं, नाहीतर दहा इंची स्क्रीनवर धुरकट चित्र बघत बसाल. बँकेची अ‍ॅप्स प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या तपासणीत अडतात, पण टॅबवर ती वापरणारे थोडेच, त्यामुळे मी त्याची फार चिंता करत नाही.

आणि ब्रिक, म्हणजे टॅब विटेसारखा निर्जीव होणं. मूळ फर्मवेअरची पूर्ण फाइल, तुमच्या नेमक्या मॉडेलची, कॉम्प्युटरवर असल्याशिवाय एकही कमांड देऊ नका. बॅटरी निम्म्याच्या वर ठेवा. फास्टबूट किंवा डाउनलोड मोड उघडतोय तोवर टॅब मेलेला नाही, लोगोवर अडकणं हे सगळं सॉफ्ट ब्रिक, घाबरायचं काम नाही. फक्त जुनं फर्मवेअर परत टाकताना अँटी रोलबॅक (जुनं फर्मवेअर रोखणारी सोय) बघा, त्यातून खरंच टॅब मरतात.

शेवटी एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर, "सगळं झाल्यावर बूटलोडर परत लॉक करू का?" कस्टम रॉम असताना सहसा नाही. लॉक केलं की सही तपासणं परत सुरू, सही जुळत नाही, टॅब बूट होत नाही, आणि त्यात ओईएम अनलॉकिंग बंद असेल तर बाहेर पडायचा रस्ताही बंद. मूळ फर्मवेअर पूर्ण टाका, एकदा नीट चालू होऊ द्या, मग लॉक करा, डेटा परत एकदा उडेल. याला अपवाद आहे गूगलचा 2023 चा पिक्सेल टॅबलेट, त्यावर ग्राफीनओएस नावाचं कस्टम अँड्रॉइड स्वतःची किल्ली बूटलोडरमध्ये नोंदवतं आणि मग लॉक करायला तेच सांगतात, तिथे जरूर करा.