ग्रंज: खर्जात उतरलेली तार

(काळा स्क्रीन. पावसाचा आवाज. मग गिटारची सगळ्यात जाड तार, अगदी जवळून. एक हात खुंटी हळूहळू सैल करतोय.)

ही गिटारची सगळ्यात जाड तार. नेहमी ती ई सुरात लावलेली असते. आता बघा, ती फक्त दोन पडदे खाली आणली, डी वर. बाकीच्या पाच तारांना हात पण लावलेला नाही. आता सगळ्यात जाड तीन तारांवर एकच बोट आडवं ठेवलं तरी पूर्ण पॉवर कॉर्ड, म्हणजे रॉकमधला तो भरीव, दणदणीत सूरमेळ, वाजते, आणि जो आवाज येतो तो कानात कमी आणि छातीत जास्त बसतो. तानपुऱ्यात जशी खर्जाची तार असते ना, ज्याच्यावर बाकी सगळं उभं असतं, तसंच काहीसं. याला ड्रॉप डी म्हणतात. ग्रंज, म्हणजे अमेरिकेतल्या सिएटलच्या आसपास तयार झालेलं रॉक संगीत, नक्की काय असं कुणी विचारलं की मी आधी ही तार वाजवून दाखवतो, चौकड्यांचे शर्ट आणि विस्कटलेले केस नंतर. सगळी ग्रंज गाणी या ट्यूनिंगमधे नाहीत, पण हा जो जडपणा आहे, खाली खाली ओढणारा, तो जवळजवळ सगळीकडे आहे.

गाणी मला इथे वाजवता येणार नाहीत, कॉपीराइटचा प्रश्न आहे, त्यामुळे ज्या गाण्याचं नाव येईल तिथे व्हिडिओ थांबवा, गाणं ऐका आणि मग परत या. खरंच करा हे.

(अमेरिकेचा नकाशा. वरचा डावा कोपरा मोठा होत जातो.)

वॉशिंग्टन राज्य, म्हणजे राजधानीवालं वॉशिंग्टन नाही, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला पॅसिफिकच्या काठावरचं राज्य. तिथलं मोठं शहर सिएटल, आणि तिथून नैऋत्येला साधारण दोन तासांवर ॲबरडीन नावाचं छोटं गाव. जंगलतोड आणि सॉ मिल यांच्यावर जगणारं गाव, आणि ऐंशीच्या दशकात तोच धंदा बसत चाललेला. पाऊस तर विचारू नका. पुढे निर्वाणा या बँडचा गायक झालेला कर्ट कोबेन इथे १९६७ साली जन्मला. पण कर्टच्या आधी याच भागात एक बँड होता, मेल्विन्स, त्यांचा गिटारवाला बझ ऑस्बोर्न. सुरुवातीला ही मंडळी पण सगळ्यांसारखी फास्ट पंक वाजवायची. मग १९८४ मधे कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅग या बँडनं एक अल्बम काढला ज्याची एक पूर्ण बाजू मुद्दाम संथ होती, पंकवाल्यांना राग येईल इतकी संथ, आणि ते ऐकून मेल्विन्सनी लय निम्म्यावर आणली. पंकचा राग आणि ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा जडपणा एका जागी आला तो असा.

हे ड्रॉप डीचं गुपित बझनं ज्याला सांगितलं त्याचं नाव किम थायिल. आडनाव ऐकून कान टवकारले असतील तर बरोबर आहे, किमचे आईवडील केरळचे. तो साउंडगार्डनचा गिटारवाला. त्या बँडचं नथिंग टू से हे १९८७ चं गाणं ऐका, तार उतरवल्यावर काय होतं ते पहिल्या काही सेकंदातच कळतं.

(सिएटल. ओले रस्ते, भिंतीवर चिकटवलेली हातानं बनवलेली पोस्टर्स.)

त्या काळात सिएटल म्हणजे कोपऱ्यातलं शहर. मोठे बँड टूर करत वर यायचे आणि बरेचदा सॅन फ्रान्सिस्कोवरूनच परत फिरायचे. त्यात १९८५ मधे शहरानं असा कायदा केला की लहान वयाच्या मुलांना येता येईल असे कार्यक्रम करणं जवळपास अशक्यच झालं. मग उरलं काय? आपणच वाजवायचं आणि आपल्याच मित्रांनी ऐकायचं. आज स्टेजवर असलेला उद्या समोर प्रेक्षकात. म्हणून इथे बँडची नावं बदलत राहतात पण माणसं तीच ती दिसतात. ग्रीन रिव्हर नावाचा बँड फुटला आणि एका तुकड्यातून मडहनी झाला, दुसऱ्यातून मदर लव्ह बोन आणि पुढे पर्ल जॅम. १९८६ मधे डीप सिक्स नावाचा एक अल्बम आला, त्यात ग्रीन रिव्हर, मेल्विन्स, साउंडगार्डन, मॅलफंक्शन, स्किन यार्ड आणि यू-मेन असे सहा बँड एकत्र आहेत. त्यावेळी विकला फारसा गेला नाही, पण पुढचं सगळं त्या एका रेकॉर्डमधे आधीच आहे.

ग्रंज हा शब्द म्हणजे मळ, कळकट घाण. मार्क आर्म या गायकानं १९८१ मधे स्वतःच्याच बँडला शिव्या घालत एका छोट्या मासिकाला पत्र पाठवलं होतं, त्यात तो शब्द होता. नंतर ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन यांच्या सब पॉप या लेबलनं ग्रीन रिव्हरच्या रेकॉर्डची जाहिरात करताना तो वापरला आणि तो चिकटला तो चिकटलाच.

हा कळकटपणा ऐकायचाय? मार्क आर्मच्याच मडहनीचं टच मी आय ॲम सिक, १९८८. दोन गिटार, दोन्ही फझ पेडलमधून. फझ म्हणजे आवाजाचा गोलावा कापून टाकायचा, फाटलेल्या स्पीकरसारखा खरखरीत करायचा. त्यांच्या त्याच वर्षीच्या ईपीचं, म्हणजे छोट्या अल्बमचं, नावच मुळी दोन पेडलच्या नावांवरून आहे, सुपरफझ बिगमफ. आणि हे सगळं टेपवर उतरवणारा माणूस जॅक एंडिनो, स्टुडिओ रेसिप्रोकल, छोटीशी तिकोनी जागा आणि आठ ट्रॅकचं मशीन. निर्वाणाचा पहिला अल्बम ब्लीच इथेच झाला आणि त्याचा खर्च ६०६ डॉलर आणि १७ सेंट. अल्बमच्या कव्हरवर ६०० डॉलर असं छापलंय, रेकॉर्डिंगचा खर्च असा अभिमानानं छापणारी माणसं मला फार आवडतात.

(टाळी देणारे हात. हातावर सात मात्रा मोजल्या जातायत.)

आता साउंडगार्डनकडे परत येऊ, कारण माझा जीव खरा इथे आहे. आउटशाइंड लावा, १९९१, आणि मात्रा मोजा. चारात मोजायला जाल तर चुकाल, सम हातात येणारच नाही. सातात मोजा. आपल्या रूपकाच्या पण सातच मात्रा, विभागणी आणि वजन पूर्ण वेगळं आहे, पण ज्याला रूपक हातावर धरता येतो त्याला हे गाणं एका झटक्यात उलगडतं, माझं तरी तसंच झालं होतं. रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, संपायच्या एक मात्रा आधीच परत सुरू होतो, म्हणजे चालताना पायरी लवकर यावी तसं. गंमत म्हणजे ही मंडळी आधी ठरवून असा ताल घेत नव्हती, किमनं सांगितलंय की गाणं झाल्यावर मोजायचे आणि मग कळायचं की हे विचित्र आहे. १९९४ च्या स्पूनमनचा मुख्य रिफ पण सातातच, आणि त्यात आर्टिस नावाचा सिएटलच्या रस्त्यावर चमचे वाजवणारा कलाकार खरोखरचे चमचे वाजवतो. ब्लॅक होल सन सगळ्यांना माहितीये, त्यातली गिटार फिरत्या लेस्ली स्पीकरमधून गेलीये म्हणून ती पाण्याखाली असल्यासारखी थरथरते. आणि या सगळ्याच्या वर गायक ख्रिस कॉर्नेलचा आवाज, खर्जापासून टिपेपर्यंत, मधे कुठे शिवण दिसत नाही.

ॲलिस इन चेन्स हा बँड वेगळा. तिथे जादू दोन आवाजांची आहे, लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल. दोघं एकत्र गातात तेव्हा सूर इतके चिकटून जातात की गोड वाटायच्या ऐवजी अंगावर काटा येतो. रूस्टर हे गाणं जेरीनं व्हिएतनाम युद्धात लढलेल्या आपल्या वडिलांवर लिहिलंय, आणि वुड? (नावातच प्रश्नचिन्ह आहे) हे गाणं बेसच्या एका लाइनवर सुरू होतं आणि ते अँड्र्यू वूडसाठी आहे.

अँड्र्यू वूड कोण? मदर लव्ह बोनचा गायक. मार्च १९९० मधे हेरॉइनच्या ओव्हरडोसनं गेला, पहिला अल्बम बाजारात यायच्या तोंडावर. ख्रिस कॉर्नेल त्याच्यासोबत एका घरात राहिलेला. त्यानं मित्रासाठी गाणी लिहिली आणि मदर लव्ह बोनच्याच स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंटला बोलावलं, त्यातून टेंपल ऑफ द डॉग हा अल्बम झाला. तालमीत हंगर स्ट्राइक नावाचं गाणं चाललेलं, ख्रिसला त्यातल्या खालच्या ओळी आणि वरच्या ओळी एकट्यानं सांभाळता येत नव्हत्या. तिथे सॅन डिएगोहून नुकताच आलेला एक लाजाळू मुलगा बसला होता, तो उठला, माइकपाशी गेला आणि खालच्या ओळी गायला लागला. तो एडी वेडर, पुढे पर्ल जॅमचा गायक. परत खर्जच, बघा. गाण्यात दोघं समोरासमोर येतात तेव्हा एक तळातून आणि एक आभाळातून गातोय असं वाटतं, ग्रंजमधलं मला सगळ्यात प्रिय गाणं हेच.

एडी सिएटलला आला तो एका कॅसेटमुळे. स्टोन आणि जेफनी बिनशब्दांच्या चाली पाठवल्या होत्या, त्यानं सर्फिंग करता करता शब्द जुळवले आणि त्यावर गाऊन परत पाठवलं. त्यातलं एक अलाइव्ह. ज्याला बाप समजत होतो तो बाप नव्हताच आणि खरा बाप कधीच गेला, हे एडीला स्वतःला किशोरवयात कळलेलं, त्याची ती जखम आहे. जिवंत आहे हे त्याच्यासाठी शापासारखं होतं. पण हजारो लोक उड्या मारत तीच ओळ आनंदानं गायला लागले आणि त्याचा अर्थच फिरला, एडीनं नंतर सांगितलंय की लोकांनी तो शाप उतरवला.

(निळं पाणी. मग स्टुडिओचा बंद दरवाजा.)

निर्वाणाचा नेव्हरमाइंड २४ सप्टेंबर १९९१ ला आला आणि जानेवारी १९९२ मधे त्यानं मायकल जॅक्सनला बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीच्या, एक नंबरवरून खाली आणलं. स्मेल्स लाइक टीन स्पिरिट. चार कॉर्ड. कडव्यात गिटार दोनच सूर टिपत राहते, जवळपास नुसते बेस आणि ड्रम, आणि मग पेडलवर पाय पडतो आणि भिंत कोसळते. ही शांत आणि मोठ्याची युक्ती पिक्सीज या बँडकडून घेतली हे कर्टनं स्वतः कबूल केलंय. नाव आलं ते कॅथलीन हॅना या मैत्रिणीनं त्याच्या भिंतीवर लिहिलेल्या वाक्यातून, टीन स्पिरिट हा डिओडरंटचा ब्रँड आहे हे कर्टला माहीतच नव्हतं. निर्माता बुच व्हिग त्याला तीच ओळ परत गायला लावायचा, एकावर एक आवाज चढवायला, कर्टला ते खोटं वाटायचं, मग बुच म्हणायचा अरे जॉन लेनन पण असंच करायचा, की हा गायला तयार.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहितीये. फॅशन शोमधे फ्लॅनेल शर्ट आले. कर्ट ५ एप्रिल १९९४ ला गेला, २७ वर्षांचा. लेन स्टेली बरोबर आठ वर्षांनी त्याच तारखेला, २००२ मधे. ख्रिस कॉर्नेल २०१७ मधे. यावर जास्त बोलवत नाही मला.

त्यापेक्षा नेव्हरमाइंडचं शेवटचं गाणं लावा, समथिंग इन द वे. स्टुडिओत ते नीट जमत नव्हतं. कर्ट कंट्रोल रूममधे आला, सोफ्यावर आडवा झाला आणि हे असं हवंय म्हणून इतक्या हळू गायला की जेमतेम ऐकू येईल. बुचनं दार लावलं, फोन बंद केले आणि तिथेच माइक लावून रेकॉर्ड केलं. गिटार जुनी, स्वस्तातली, पाचच तारांची आणि धड सुरात नसलेली. नंतर बाकीच्यांना त्या बेसूर गिटारशी जुळवून घेत वाजवायला लागलं, आणि निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल, त्याच्यासारख्या ड्रम फोडणाऱ्या माणसाला जीव मुठीत धरून हळू वाजवायला लागलं. मागे एक चेलो. बस्स, इतकंच.

गाणं संपलं तरी सीडी काढू नका. साधारण दहा मिनिटं काहीच नाही, नुसती शांतता. अल्बम संपला म्हणून लोक उठून गेलेले असायचे. आणि मग अचानक गोंगाट सुरू होतो, एंडलेस, नेमलेस, दुसऱ्या एका गाण्याचा टेक बिघडला म्हणून चिडून वाजवलेलं, बुचनं टेप चालूच ठेवली होती. हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका, त्यात एका जागी कर्टची गिटार फुटल्याचा आवाज येतो.