जुना लॅपटॉप घेण्यापूर्वी : दोन थिंकपॅडची तुलना

(दृश्य : मुंबईतील लॅमिंग्टन रोड. दुकानात एकावर एक रचलेले वापरलेले लॅपटॉप.)

ग्रँट रोड स्थानकाजवळच्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु संगणकाचे सुटे भाग शोधणारा माणूस त्याला लॅमिंग्टन रोड म्हणूनच ओळखतो. येथे आणि राज्यातील इतर शहरांच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या वापरलेल्या लॅपटॉपपैकी बरेचसे कंपन्यांच्या कार्यालयांतून आलेले असतात. कर्मचाऱ्यांना दिलेली यंत्रे कंपन्या काही वर्षांनी एकदम बदलतात, जुनी यंत्रे घाऊक व्यापाऱ्यांकडे जातात आणि तेथून स्वच्छ होऊन दुकानात येतात. त्यांवरच्या चिठ्ठीवर बहुधा एवढेच लिहिलेले असते : आय५ (प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू), ८ जीबी रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती), एसएसडी (फाइली साठवण्याची जागा). महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीसाठी मोजक्या पैशांत लॅपटॉप शोधणाऱ्या पालकांना याच चिठ्ठीच्या आधारे निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णयासाठी सर्वांत आवश्यक असलेली माहिती नेमकी तिच्यावर नसते.

(दृश्य : शेजारी शेजारी ठेवलेले दोन काळे लॅपटॉप.)

हे दोन्ही लेनोवो कंपनीचे थिंकपॅड आहेत. डावीकडचा टी४७० हा २०१७ सालचा आहे, तर उजवीकडचा टी४८० हा २०१८ सालचा. बाहेरून पाहिल्यास दोघांत फरक सांगणे कठीण आहे. मात्र टी४७० मध्ये इंटेलचे सहाव्या किंवा सातव्या पिढीचे प्रोसेसर बसवलेले होते आणि त्यांतील आय५-७२००यू सारख्या प्रोसेसरला दोनच कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, होते. टी४८० मध्ये सर्रास आढळणाऱ्या आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू ला चार कोअर आहेत. विजेचा वापर त्याच मर्यादेत ठेवून कोअरची संख्या दुप्पट झाली, ती या एका वर्षाच्या अंतरात.

याहून मोठा फरक मायक्रोसॉफ्टच्या धोरणाने निर्माण केला आहे. विंडोज ११ साठी अधिकृत मान्यता असलेले इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीपासून सुरू होतात, आणि विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेसाठीची अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे टी४७० चा कळफलक कितीही उत्तम असला, पडदा कितीही स्वच्छ असला, तरी विंडोजवर काम करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे अधिकृत आयुष्य संपत आले आहे. येथे ग्राहकाने विशेष सावध राहावे. जुन्या प्रोसेसरवरही आडवाटेने विंडोज ११ चढवता येते, त्यामुळे पडद्यावर विंडोज ११ दिसणे हा यंत्र मान्यताप्राप्त असल्याचा पुरावा ठरत नाही, आणि अशा यंत्राला पुढील अद्यतने मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक स्वतः वाचावा. केवळ ‘आठवी पिढी’ या शब्दांवरही थांबू नये, कारण त्याच पिढीतील आय३-८१३०यू ला दोनच कोअर आहेत.

विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हे गणित बदलते. लिनक्स मिंटसारखी प्रणाली टी४७० वर व्यवस्थित चालते, मराठी टंकलेखन, ब्राउझर आणि प्रोग्रॅमिंगचा अभ्यास तिच्यावर सहज होतो, आणि किंमत पुरेशी कमी असेल तर मी त्यांना तो घेऊ नका असे म्हणणार नाही.

(दृश्य : मागचे झाकण काढलेला टी४८०.)

जुन्या यंत्राचे मोल ठरवताना माझ्या मते प्रत्येक भागाबाबत एकच प्रश्न विचारावा : हा भाग बिघडला तर बदलता येईल का? टी४८० मध्ये रॅमसाठी दोन खाचा आहेत, त्यामुळे ८ जीबीचे १६ जीबी करणे हे स्क्रू-ड्रायव्हरचे काम आहे. त्याच्याच जोडीचा, अधिक सडपातळ टी४८०एस घेतला तर रॅमचा काही भाग मदरबोर्डला, म्हणजे यंत्राच्या मुख्य सर्किट-पट्टीलाच, कायमचा जोडलेला असतो आणि खाच एकच उरते. एसएसडी बदलता येते. टी४८० ला दोन बॅटऱ्या आहेत, एक आत आणि दुसरी बाहेरून काढता येणारी. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी (powercfg /batteryreport) या आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढला, की मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता हे दोन्ही आकडे समोर येतात. उरलेली क्षमता निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करण्याची मागणी ग्राहकाने निःसंकोच करावी.

पडद्याबाबत मात्र मी तडजोड सुचवणार नाही. याच मॉडेलचे काही लॅपटॉप १३६६ गुणिले ७६८ अशा कमी रिझोल्यूशनच्या पडद्यासह विकले गेले आहेत. दिवसभर वाचन-लेखन करणाऱ्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांसाठी १९२० गुणिले १०८० चा आयपीएस, म्हणजे बाजूने पाहिले तरी स्पष्ट दिसणारा, पडदाच निवडावा.

जे बदलता येत नाही, ते दुकानातच तपासावे लागते. टाइप-सी चे दोन्ही पोर्ट मदरबोर्डवर असतात, म्हणून दोन्हींना चार्जर लावून पाहावा. यंत्र सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, प्रवेश करावा. तेथे पासवर्ड मागितला गेला आणि विक्रेत्याला तो ठाऊक नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा, कारण विसरलेल्या सुपरवायझर पासवर्डवर लेनोवोचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणे हाच आहे. कंपनीच्या नोंदणीतून न काढलेल्या यंत्राचीही अशीच अडचण होते. विंडोज पुन्हा स्थापित करून इंटरनेट जोडले, की पूर्वीच्या कंपनीचे लॉगिनचे पान उघडते. विक्रेत्याला आपल्यासमोर यंत्र रीसेट करायला सांगावे आणि त्यासाठी लागणारा वेळ हातात ठेवूनच दुकानात जावे.

व्हिडिओ संपादन किंवा आधुनिक खेळ हे मुख्य काम असेल, तर टी४८० सुद्धा घेऊ नये. लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग आणि प्रोग्रॅमिंगचे शिक्षण यांसाठी, वरील तपासण्यांत उतरलेला टी४८० मला आजही घेण्याजोगा वाटतो. पैसे देताना बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो तळाशी छापलेल्या तसेच बायोसमध्ये दिसणाऱ्या अनुक्रमांकाशी जुळवून पाहावा.