सभासद आयुष्यभराचा, अंक तिमाहीचा: अमेरिकी फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींचे संवाद-पुरस्कार

मित्रहो,

अमेरिकेतल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावं धारण करणाऱ्या विद्यार्थी-संघटना असतात. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरॉरिटी. ही परंपरा १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’पासून सुरू झाली. सिनेमांमुळे आपल्याला त्यातल्या पार्ट्या तेवढ्या ठाऊक. पण इथलं सभासदत्व पदवी हातात पडली की संपत नाही, ते आयुष्यभराचं असतं. म्हणून संघटनेच्या नियतकालिकाचा एकच अंक एकोणीस वर्षांची विद्यार्थिनीही वाचते आणि पंच्याऐंशी वर्षांच्या आजीही. दोघींना तो आपला वाटला पाहिजे. या क्षेत्रातली सगळी कसोटी इथे आहे आणि पुरस्कारही याचेच आहेत.

‘बीटा थीटा पाय’चं नियतकालिक १८७२ पासून निघतं. ‘कॅपा कॅपा गॅमा’च्या मुलींनी १८८२ मध्ये ‘द गोल्डन की’ काढलं. त्या काळी मुलींनी स्वतःचं नियतकालिक चालवणं ही केवढी गोष्ट होती! कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या ‘अल्फा फाय अल्फा’चं ‘द स्फिंक्स’ १९१४ चं. अशा अंकांच्या संपादकांनी १९२३ मध्ये आपली संघटना बांधली. तीच आजची ‘फ्रॅटर्निटी कम्युनिकेशन्स असोसिएशन’. तिच्या स्पर्धेत फ्रेड यॉडर यांच्या नावाचा पुरस्कार एकूण गुणवत्तेसाठी दिला जातो. लेखन, मांडणी, संकेतस्थळ, व्हिडिओ, समाजमाध्यमं यांचाही विचार होतो. याशिवाय कॅम्पसवरच्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींच्या परिषदांसाठी जनसंपर्काचे वेगळे सन्मान असतात.

आता प्रवेशिकेकडे येऊ, कारण चांगलं काम बऱ्याचदा तिथेच मागे पडतं. काम उत्तम असतं, पण सोबतचं निवेदन ‘जागरूकता वाढवणे’ एवढ्यावर थांबतं. परीक्षकाला तुमची अक्षरं, तुमचे संस्थापक माहीत असतीलच असं नाही. त्याला चार गोष्टी हव्या असतात: कुणासाठी केलं, त्या वाचकानं नेमकं काय करावं अशी अपेक्षा होती, किती पैशांत आणि किती माणसांत केलं, आणि शेवटी काय बदललं. समजा, हरवलेल्या माजी सभासदांचे पत्ते मिळवायचे होते. मग छापील अंकातल्या क्यूआर कोडला एक दुवा, ईमेलला दुसरा आणि इन्स्टाग्रामला तिसरा असे वेगळे दुवे आधीच द्यावे लागतात. मोहीम संपल्यावर कुठल्या वाटेनं किती पत्ते आले हे सांगायचा दुसरा मार्ग नाही. सगळीकडे एकच दुवा टाकला असेल तर पुढे कितीही डोकं खाजवा, उत्तर मिळत नाही.

आकड्यांबद्दल एक इशारा. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं मेलसाठी जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यामुळे पत्र कुणी वाचलेलं नसतानाही ‘उघडलं’ असं नोंदलं जातं. त्यामुळे ‘आमचं वार्तापत्र इतके टक्के लोक उघडतात’ या दाव्याला आता फारसं वजन नाही. क्लिक, भरलेले अर्ज, आलेली उत्तरं, झालेली नोंदणी हे मोजा. आणि पुरावा त्या त्या वेळीच साठवा. इन्स्टाग्रामवरची स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते; वर्षाअखेर ती शोधत बसण्यात अर्थ नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच एक फोल्डर उघडावं, एकाच व्यक्तीकडे त्याची जबाबदारी द्यावी आणि प्रत्येक मोहीम संपली की त्याच आठवड्यात स्क्रीनशॉट व आकडे त्यात टाकावेत.

छापील अंकाच्या चुका ठरलेल्या आहेत. पिनांनी बांधलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत असावी लागतात. एक मजकूर वाढला की चार पानं वाढतात आणि टपालखर्चही वाढू शकतो. कडेपर्यंत जाणाऱ्या छायाचित्राला कापणीसाठी तीनेक मिलिमीटर जादा जागा हवी. छपाईसाठी छायाचित्र प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआयचं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचं, लागतं. शाखांकडून येतं ते मात्र समाजमाध्यमावरून उतरवून घेतलेलं असतं, आणि तेही पायऱ्यांवर उभ्या साठ मुलींचं, ज्यात एकही चेहरा ओळखू येत नाही. मूळ फाइल मागावी, आणि साठांऐवजी तिघींचं काम करतानाचं छायाचित्र मागावं. दिवंगतांची यादी दोन वेगळ्या माणसांनी तपासावी. जिवंत माणसाचं नाव त्या यादीत छापलं गेलं तर कुठलंही शुद्धिपत्रक पुरत नाही.

ग्रीक अक्षरांचा एक खास घोळ असतो. सजावटीसाठी सिग्मा हे अक्षर इंग्रजी ‘ई’च्या जागी वापरण्याची हौस अनेकांना असते. पण सिग्माचा उच्चार ‘स’ आहे. शिवाय दृष्टिहीन सभासदाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तिथे अडखळतो. व्हिडिओंवर आपोआप उमटणारी उपशीर्षकंही शाखांच्या नावांची मोडतोड करतात, ती हातानं दुरुस्त करायलाच हवीत. फिकट गुलाबी पट्टीवर पांढरी अक्षरं हा सोरॉरिटींच्या अंकांतला नेहमीचा दोष. साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळ-गडदाचा किमान ४.५ : १ एवढा फरक लागतो. आजीबाईंच्या डोळ्यांचा विचार केला तरी हे पटेल.

ऑगस्ट २०२१ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या सोरॉरिटी-भरतीचे व्हिडिओ टिकटॉकवर तुफान चालले. ते मुलींनी स्वतःहून टाकलेले होते. अशी आपसूक मिळालेली प्रसिद्धी संपर्क-समितीनं आपल्या प्रवेशिकेत कर्तबगारी म्हणून मांडू नये. आपण काय आखलं आणि त्यातून काय घडलं, तेवढंच आपलं. संस्थेच्या अधिकृत खात्यावर लोकप्रिय गाणं वापरताना परवान्याची खात्री करा. हक्क नसले तर व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो आणि परीक्षकापुढे मुकं चित्र जातं.

छोट्या संघटनांबद्दल मला विशेष आस्था आहे. ह्यूस्टनमध्ये १९९८ साली सुरू झालेली ‘डेल्टा फाय ओमेगा’ किंवा लॉस एंजेलिसची १९९९ ची ‘बीटा काय थीटा’ या दक्षिण आशियाई वारशाच्या संस्था. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हे दार खुलं आहे. त्यांच्यासाठी एक वाचकवर्ग फार मोलाचा आहे: आईवडील. ज्यांच्या कॉलेजात असं काही नव्हतं, त्यांच्या मनात धास्ती असतेच. शुल्क किती, वेळ किती जाणार, तक्रार कुणाकडे करायची, हे साध्या भाषेत सांगणारं एक पान काढलं आणि त्यावर आलेले पालकांचे प्रश्न नोंदवले, तर ती प्रवेशिका मोठ्या बजेटच्या चकचकीत चित्रफितीपुढे ठामपणे उभी राहू शकते.

आणि आता सगळ्यांत कठीण भाग. नव्या सभासदांचा छळ, म्हणजे हेझिंग, यातून तरुण मुलांचे जीव गेले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यानं कॉलेजांना अशा प्रकरणांचे अहवाल जाहीर करणं बंधनकारक केलं. एखादी शाखा बंद पडली आणि त्याच वर्षीच्या अंकात मात्र फक्त हसरे चेहरे असतील, तर तो अंक कितीही देखणा असो, माझ्या मते त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळता कामा नये. काय घडलं, शाखेवर कोणती कारवाई झाली, सभासदानं आता कुणाला फोन करायचा, हे पहिल्या काही पानांत यायला हवं. वकिलांकडून मजकूर तपासून घ्या, पण तारखा आणि निर्णय गाळू नका. पीडित कुटुंबाला अंक छापखान्यात जाण्याआधी कळवा, आणि त्यांच्या संमतीशिवाय छायाचित्र वापरू नका. परीक्षकांनीही गुणपत्रिकेत यासाठी वेगळा रकाना ठेवावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.