गूगलविरुद्धचा वकील सरकारात कसा आला? बाजू नका बघू, फाइल बघा

नमस्कार मंडळी. गूगलच्या जाहिरात-खटल्यावर व्हिडिओ टाकला तेव्हापासून खाली एकच प्रश्न येतोय. "मॅडम, जो माणूस गूगलच्या विरोधकांची वकिली करत होता, त्यालाच अमेरिकन सरकारनं गूगलचा खटला चालवायला बसवलं. ही सेटिंग नाही तर काय?" एकानं तर 'फितूर' लिहिलंय. आणि लॉच्या मुलांचा ठरलेला प्रश्न: सरकारी नोकरी की खाजगी वकिली? दोन्हींची उत्तरं त्याच माणसाच्या कारकिर्दीत सापडतात, म्हणून आज जोनाथन कँटर.

पाया दोन वाक्यांत उरकते. गूगलवरचे हे खटले अँटिट्रस्टचे, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याचे; त्यातला 'ट्रस्ट' म्हणजे विश्वास नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तेल-साखरेच्या कंपन्या 'ट्रस्ट' नावाच्या छत्रीखाली एक होऊन बाजार मुठीत ठेवायच्या, त्यांच्यासाठी 1890 मध्ये शर्मन कायदा आला. आपल्याकडे हाच विषय 2002 च्या स्पर्धा कायद्यात आहे आणि भारतीय स्पर्धा आयोग तो राबवतो. झालं, पुढे.

कँटर 1998 मध्ये लॉ स्कूलमधून बाहेर पडले आणि थेट फेडरल ट्रेड कमिशन या बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेत गेले. तिथे दोन वर्षं सरकारी वकील. मग वीस वर्षं मोठ्या खाजगी फर्ममध्ये. मायक्रोसॉफ्ट, हॉटेल-दुकानांची परीक्षणं देणारी येल्प असे पक्षकार, आणि त्यांची तक्रार बहुतेकदा गूगलबद्दल. नोव्हेंबर 2021 मध्ये सिनेटनं त्यांना 68 विरुद्ध 29 मतांनी न्याय विभागाच्या अँटिट्रस्ट शाखेचे प्रमुख केलं. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी पद सोडलं.

आता मुद्द्याची गोष्ट, जी मला आज तुमच्या डोक्यात बसवायचीच आहे. वकील कोणत्या बाजूला होता हे विचारू नका. कोणत्या फाइलवर होता, ते विचारा.

2020 मध्ये कँटर पॉल वाइस या बड्या फर्ममध्ये भागीदार होते. अशा फर्ममध्ये शेकडो वकील, हजारो पक्षकार. तुमच्या पक्षकाराची लढाई ज्या कंपनीशी आहे, ती कंपनी वरच्या मजल्यावरच्या सहकाऱ्याची पक्षकार निघू शकते. तसाच पेच पडला. फर्ममध्ये राहायचं तर जुने पक्षकार सोडावे लागणार होते. त्यांनी फर्म सोडली, स्वतःचं छोटं ऑफिस काढलं. तेव्हा सरकारी पदाचा संबंधच नव्हता. म्हणजे हितसंबंधांची ही भिंत फक्त सरकार आणि खाजगी यांच्यामध्ये नसते, एका फर्मच्या आतसुद्धा असते.

हे मला कसं कळलं सांगते. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी ज्येष्ठ वकिलांचं ऑफिस सोडून स्वतःचं टेबल टाकलं. पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ आले, भागीदारी फुटल्याचा वाद, फी आगाऊ द्यायला तयार. कागद उलटताना समोरच्या पक्षानं पाठवलेली नोटीस हाती आली. भाषा ओळखीची. तिसऱ्या परिच्छेदात टायपिंगची चूक पेनानं दुरुस्त केलेली, आणि ते अक्षर माझं. जुन्या ऑफिसात ती नोटीस मीच तयार केली होती. नोटीस पाठवणाऱ्या त्या पक्षकारानं तेव्हा मला त्याच्या हिशोबातले सगळे कच्चे दुवे विश्वासानं सांगितले होते. वकीलपत्र घेतलं नाही. महिन्याचं भाडं त्या फीतून निघणार होतं, तरी नाही. पण पुढच्या आठवड्यात भागीदारीचाच दुसरा वाद आला, पक्षकार वेगळे, कागद वेगळे. तो घेतला. विषय तोच, फाइल दुसरी. फरक एवढाच आहे आणि तो सगळं काही आहे.

आता हेच अमेरिकेत बघा. कँटर यांच्याआधी त्या खुर्चीवर मकान डेलराहिम होते. 2007 मध्ये गूगलनं डबलक्लिक ही जाहिरात कंपनी 3.1 अब्ज डॉलरला घ्यायची ठरवली, तेव्हा डेलराहिम गूगलच्या बाजूनं काम करत होते. पुढे सरकारात आल्यावर गूगलची चौकशी त्यांच्याच विभागात उभी राहिली. 2020 मध्ये ते त्यातून बाजूला झाले. बरोबरच केलं! चौकशी थांबली नाही, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगल सर्चचा खटला दाखल झालाच.

मग कँटर आले. ते पदावर येताच गूगलनं न्याय विभागाला कळवलं की यांना आमच्या प्रकरणांपासून दूर ठेवण्याचा विचार करा. आणि ते दूर राहिले, वर्षाहून जास्त काळ. विभागाचा प्रमुख, पण विभागातल्या सगळ्यात मोठ्या विषयाला हात लावायचा नाही. 'सेटिंग' लिहिणाऱ्या मित्रांनो, हे वर्ष तुमच्या हिशोबात कुठे बसतं? जानेवारी 2023 मध्ये परवानगी मिळाली, त्याच महिन्यात जाहिरात-तंत्रज्ञानाचा खटला व्हर्जिनियात दाखल झाला. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयानं त्यात गूगलनं बेकायदा मक्तेदारी केल्याचं ठरवलं, आणि त्यातल्या एका बाजाराचं मूळ त्याच डबलक्लिकच्या खरेदीत आहे.

सरकारातून बाहेर पडतानाही नियम आहेत. अमेरिकेत सरकारी वकिलानं ज्या विशिष्ट प्रकरणात स्वतः ठोस काम केलं, त्याच प्रकरणात दुसऱ्या कुणाच्या वतीनं सरकारसमोर उभं राहायला जन्मभर बंदी. जन्मभर! वरिष्ठांना शिवाय आपल्या जुन्या खात्याकडे कुणाची शिफारस घेऊन जायला वर्षभर मनाई. आपल्याकडे स्पर्धा कायद्याचं कलम 12 वाचा: आयोगाच्या अध्यक्ष आणि सदस्यांना पद सोडल्यावर दोन वर्षं, आयोगासमोर पक्षकार असलेल्या कंपनीत नोकरी घेता येत नाही.

मुलांनो, आता तुमचं. मला विचाराल तर आधी सरकारी बाजू. पुरावा कसा गोळा होतो, विलीनीकरणाच्या अर्जात कंपन्या काय पुढे करतात आणि काय मागे ठेवतात, हे तिथल्या टेबलावर जितकं दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. आयोगाच्या कंत्राटी रिसर्च असोसिएटच्या जाहिराती येतात, त्यावर लक्ष ठेवा. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिली थांबवावी लागते, हे आधी घरी सांगून ठेवा. आणि पहिल्या दिवसापासून एक वही करा: कोणतं प्रकरण, पक्षकार कोण, मी त्यात काय केलं. दहा वर्षांनी कुणी विचारलं तर आठवणीवर विसंबू नका, वही उघडा.

एका ताईंनी विचारलंय, "मी कंपनी सेक्रेटरी आहे, वकील नाही, आयोगासमोर उभी राहू शकते का?" हो ताई. कलम 35. सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट, तिघांनाही तिथे बाजू मांडता येते. पण वही तुम्हालाही लागेल.